मदत हवी आहे: मलाच माहीत नाही, तर टीमला काय सांगू?

नमस्कार मंडळी, बेळगावात उद्यमबागला एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाचा कारखाना) शिफ्ट बघतो, मोल्डिंग (साचे बनवणं) आणि फेटलिंग (ओतलेले भाग घासून साफ करणं) मिळून तीसेक माणसं, निम्मी मराठी निम्मी कन्नड बोलणारी. ऑर्डरी कमी झाल्यात, ओव्हरटाइम बंद, पुढं किती जणांना ठेवणार हे मालकांनी अजून ठरवलेलं नाही. मला खरंच माहीत नाही पण पोरांना वाटतं सर लपवतायत, त्यातनं चिडचिड, आणि फर्नेसजवळ लक्ष उडालेला माणूस म्हणजे सरळ धोका, मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे.

शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांशी दोन्ही भाषेत बोलून बघितलं, तिथं सगळे गप्प आणि नंतर चहाच्या टपरीवर अफवा. एकेकट्याला विचारलं तर "काय नाही सर" एवढंच. एचआर नाही, ट्रेनिंगला पैसे मिळणार नाहीत, आणि खोटा दिलासा मला द्यायचा नाही, कर्जाचे हप्ते आहेत त्यांच्या डोक्यावर. राग आला की बोलायच्या आधी थांबायचं, काय वाटतंय त्याला मनात नाव द्यायचं, याचा माझ्यापुरता उपयोग होतो, पण टीमचं काय?

ज्यांनी असा काळ माणसं सांभाळून काढलाय त्यांनी सांगा, "मला अजून माहीत नाही" हे नेमकं कुठल्या शब्दांत सांगितलं की माणसं विश्वास ठेवतात, आणि नवीन बातमी नसली तरी रोज बोलावं की काही कळेल तेव्हाच?