मदत हवी आहे: पॉलीअनिलीनचा अमोनिया सेन्सर उलटं रीडिंग देतोय, आणि पॅटर्न साच्याबरोबर उखडतोय

हिरवी_फिल्म
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. पुढच्या आठवड्यात प्रोग्रेस सेमिनार आहे आणि गाडी पुढे सरकत नाहीये.

काचेवरच्या सोन्याच्या इंटरडिजिटेटेड (कंगव्याचे दात एकमेकांत घातल्यासारख्या) इलेक्ट्रोडवर पॉलीअनिलीन या वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरच्या २० मायक्रॉन रुंदीच्या रेघा काढते आहे. पीडीएमएसचा (मऊ सिलिकॉन रबराचा) साचा वर ठेवायचा, चॅनेलच्या तोंडाशी द्रावण सोडायचं, ते केशाकर्षणाने आत शिरतं, आतच पॉलिमर तयार होतो, मग साचा काढायचा.

अडचण १: साचा काढताना निम्म्या रेघा त्याला चिकटून वर येतात.
अडचण २: अमोनिया दिल्यावर रेझिस्टन्स वाढायला हवा. ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) वाढतो. २०-२५ ला आधी खाली जातो आणि मग कसाबसा वर येतो. पाऊस सुरू झाल्यापासून बेसलाइनही (अमोनिया नसतानाचं रीडिंग) जागेवर राहत नाही.

पेपर भरपूर वाचून झालेत, कृपया नुसत्या लिंका देऊ नका. कुणी हाताने केलं असेल तर सांगा.

काचपात्र
माहिती अपुरी आहे. डोपंट (पॉलिमरला वाहक करणारं आम्ल) कोणता? फिल्म कशाने धुता? अमोनिया चेंबरमध्ये कसा देता? चेंबर केवढा? हे कळल्याशिवाय जे सांगू तो अंदाजच.

ग्राफीनप्रेमी
पॉलीअनिलीनवर लोकांनी कित्येक दशकं काम केलंय, त्यात नवीन काय उरलंय? एमएक्सीन घ्या किंवा रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइड. पेपरही चांगल्या ठिकाणी लागेल.

हिरवी_फिल्म
@ग्राफीनप्रेमी, मटेरियल बदलायचं नाहीये. पोल्ट्री शेडसाठी स्वस्त सेन्सर हा प्रकल्पाचा विषय आहे. खोलीच्या तापमानाला, हीटरशिवाय चालणारं हवं म्हणून पॉलीअनिलीन.

@काचपात्र, नेहमीचीच पद्धत. १ मोलर एचसीएलमध्ये अनिलीन आणि अमोनियम परसल्फेट, बर्फात. डिस्टिल्ड वॉटरने धुते. अमोनिया सिरिंजने.

काचपात्र
सिरिंजने काय टोचता? गॅस की लायकर अमोनिया (पाण्यात विरघळवलेला)?

सह्याद्री_पोल्ट्री
पोल्ट्रीचा विषय निघाला म्हणून विचारतो. माझं ब्रॉयलरचं शेड आहे. पावसाळ्यात पडदे खाली सोडले की आत डोळे झोंबतात. एमक्यू-१३५ हा तयार गॅस सेन्सर लावला तर चालेल का? ऑनलाइन दोनशे-अडीचशेला मिळतो.

जुना_लॅबवाला
हिरवी_फिल्मताई, डिस्टिल्ड वॉटरने धुता तिथेच मेख आहे. साध्या पाण्यात भिजलं की पॉलीअनिलीनमधला प्रोटॉन थोडाथोडा निघून जातो. काच पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात नीट बघा. रेघ हिरवी दिसली तर एमराल्डीन सॉल्ट, म्हणजे वीज वाहून नेणारं रूप. कडेला निळसर झाक दिसली तर तिथे एमराल्डीन बेस झालाय, म्हणजे जवळजवळ इन्सुलेटर. अमोनियाही हेच करतो, प्रोटॉन काढून घेतो. मोजायच्या आधीच ते काम पाण्याने अर्धवट करून ठेवलं तर अमोनियाला काढायला उरणार काय? २००२ साली आययूपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) पॉलीअनिलीनची जी प्रमाणित कृती दिली तिच्यातही धुणं ०.२ मोलर एचसीएलने आहे आणि नंतर अॅसिटोनने.

काचपात्र
धुण्याचं पटलं, पण त्याने रीडिंग उलटं होणार नाही. बेसलाइन मेगाओममध्ये जाईल आणि प्रत्येक सॅम्पलला वेगळी येईल, एवढंच. उलटं जाण्याचं कारण दुसरं असणार. माझा प्रश्न तसाच आहे: सिरिंजमध्ये काय आहे?

हिरवी_फिल्म
लायकर अमोनिया, २५ टक्क्यांचा. पाणी घालून हव्या त्या प्रमाणात पातळ करते आणि प्रत्येक वेळी १० मायक्रोलिटर टोचते. चेंबर ५ लिटरचा. आत छोटा पंखा आहे. आणि हो, कडेला निळसर झाक आहे.

काचपात्र
मग हिशेब मांडू. २.५ टक्क्यांचं द्रावण १० मायक्रोलिटर म्हणजे अमोनिया सुमारे पाव मिलिग्रॅम. ५ लिटरमध्ये साधारण ७० पीपीएम, तुमचा आकडा जुळतो. पण त्याच थेंबात साडेनऊ मिलिग्रॅमच्या वर पाणी आहे. २५ अंशाला ५ लिटर हवा साधारण ११५ मिलिग्रॅम वाफ धरते. म्हणजे प्रत्येक टोचणीला आर्द्रता ८ टक्क्यांच्या आसपास वाढते, अमोनिया ७० पीपीएम असो वा २०.

पॉलीअनिलीनमध्ये पाणी शिरलं की प्रोटॉनची देवाणघेवाण सोपी होते आणि रेझिस्टन्स कमी होतो. अमोनिया तो वाढवतो. ७० ला अमोनिया पाण्यावर मात करतो. २० ला आधी पाणी दिसतं, मग अमोनिया. सेन्सर बरोबर काम करतोय. तुम्ही त्याला एकाच वेळी दोन प्रश्न विचारताय आणि तो दोन्हींची उत्तरं देतोय.

उद्या एवढंच करा: नुसतं डिस्टिल्ड वॉटर, तेवढेच १० मायक्रोलिटर, टोचा आणि आलेख बघा.

मायक्रोनवेडा
पहिल्या अडचणीकडे कुणी बघितलंच नाही. पीडीएमएस जलविरोधी आहे, पाण्यातलं द्रावण त्यात धड शिरत नाही. चॅनेल अर्धवट भरतात आणि रेघा तुटतात. ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) द्या, पृष्ठभाग पाणी धरायला लागतो, द्रावण सरसर आत जाईल.

जुना_लॅबवाला
प्लाझ्मा सांगताय तर पुढचंही सांगा. प्लाझ्मा दिलेला पीडीएमएस स्वच्छ काचेवर दाबला की कायमचा चिकटतो, मायक्रोफ्लुइडिक्सवाले चिप अशीच जोडतात. साचा निघणारच नाही, जोर लावला तर फाटेल.

मायक्रोनवेडा
काचेलाही प्लाझ्मा दिला तर घट्ट चिकटतो. फक्त साच्याला, तोही थोडाच द्यायचा आणि लगेच दाबायचा नाही. आमच्याकडे असंच चालतं.

जुना_लॅबवाला
लगेच न दाबता हवेत ठेवला तर काही तासांत पृष्ठभाग पुन्हा जलविरोधी व्हायला लागतो. म्हणजे वेळेचा नेम साधत बसा. त्यापेक्षा मायक्रोकॉन्टॅक्ट प्रिंटिंग करा. १९९३ मध्ये हार्वर्डला कुमार आणि व्हाइटसाइड्स यांनी दाखवलं तेव्हापासून हजारो लोकांनी केलंय. स्टॅम्पने सिलेन (काचेला धरणारं सिलिकॉनचं संयुग) छापायचं, मग अख्खी काच द्रावणात बुडवायची, छापलेल्या जागी पॉलिमर बसतो. साचा पॉलिमरला लागतच नाही, उखडायचा प्रश्न मिटला.

मायक्रोनवेडा
आणि सिलेन न छापलेल्या जागीही पॉलीअनिलीन बसतं, त्याचं काय? ते पुसायला जाल तर रेघाही जातील. शिवाय सिलेन काचेवर धरतं, सोन्यावर धरत नाही. इथे इलेक्ट्रोड सोन्याचे आहेत!

मुक्ता_के
दोघांच्या मधे बोलते. साचा पद्धत ठेवा, पण काच आणि सोनं आधी तयार करून घ्या. काचेसाठी टोकाला अनिलीन गट असलेलं सिलेन, सोन्यासाठी ४-अमिनोथायोफेनॉल. सल्फर सोन्याला धरतो, वरचा अमाइन पॉलिमरच्या साखळीला. मग फिल्मची पकड खाली जास्त असते, साच्यावर कमी. पीएचडीत मी हेच केलं होतं. आणि साचा कोरडा ओढू नका. सगळं पातळ आम्लात बुडवून, रेघांच्या दिशेने हळूहळू सोलत न्या. आडवा ओढला की रेघा कडेने उचलल्या जातात.

एक वेगळी गोष्ट. अनिलीन हाताळताना हातमोजे घालताय ना? कातडीतून शरीरात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन नेण्याची ताकद कमी करतं. फ्यूम हूडबाहेर बाटली उघडू नका.

ग्राफीनप्रेमी
फोटोलिथोग्राफी (प्रकाशाने पॅटर्न काढायची पद्धत) करायची असेल तर आयआयटी मुंबईत आयएनयूपी या सरकारी कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांनाही क्लीनरूम वापरता येते. अर्ज करून ठेवा.

हिरवी_फिल्म
सेमिनार पुढच्या आठवड्यात आहे हो. पण नंतरसाठी लक्षात ठेवते.

नुसतं पाणी टोचून पाहिलं. रेझिस्टन्स खाली जातो आणि तिथेच राहतो, वर येत नाही. २० पीपीएमच्या आलेखाची पहिली उतरण अगदी तशीच आहे. काचपात्र, खूप आभार. पण आता कमी पीपीएम मोजू कसं? पातळ केल्याशिवाय २० येणार कसं?

काचपात्र
पातळ करू नका, आकारमान कमी करा. २५ टक्क्यांचं १ मायक्रोलिटर म्हणजे ६५ पीपीएमच्या आसपास आणि आर्द्रता अर्ध्या-पाऊण टक्क्यानेच वाढते. २० साठी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास लागेल, म्हणजे ०.५ मायक्रोलिटरची सिरिंज हवी. ती नसेल तर लायकर अमोनियाच्या बाटलीत द्रवावर साठलेली वाफ गॅस सिरिंजने घ्या. पण तिची तीव्रता आधी टायट्रेशनने काढा, अंदाजाने धरू नका. सगळ्यात चांगलं म्हणजे १०० पीपीएमचं सिलिंडर आणि दोन मास फ्लो कंट्रोलर (वायू मोजून सोडणारी उपकरणं), पण सिलिंडर यायला वेळ लागतो. नळी टेफ्लॉनची घ्या. रबराच्या नळीला अमोनिया चिकटतो आणि नंतर सुटत राहतो, मग बेसलाइन परत येत नाही म्हणून पुन्हा धागा काढावा लागेल.

आणि चेंबरमध्ये आर्द्रतेचा सेन्सर ठेवा. सेमिनारला प्रत्येक आलेखाशेजारी आर्द्रतेचा आकडा द्या. परीक्षक पहिल्यांदा तेच विचारतात आणि विचारायलाच हवं. शेडमध्ये पावसाळ्यात आर्द्रता ८० च्या वर असते. कोरड्या नायट्रोजनमध्ये घेतलेला सुंदर आलेख तिथे काडीच्या कामाचा नाही.

जुना_लॅबवाला
एचसीएल डोपंटचंही बघा. तो हळूहळू उडून जातो आणि अमोनियाशी मिळून अमोनियम क्लोराइड होतो. बेसलाइन सरकण्यात त्याचाही हात असणार. कॅम्फरसल्फोनिक अॅसिड किंवा डोडेसिलबेंझिनसल्फोनिक आम्ल (डीबीएसए) वापरा, ते जागचे हलत नाहीत.

सह्याद्री_पोल्ट्री
माझा प्रश्न राहिला.

मुक्ता_के
दादा, एमक्यू-१३५ मध्ये तापवलेला टिन ऑक्साइड असतो. अमोनिया, अल्कोहोल, धूर, सगळ्यालाच तो प्रतिसाद देतो आणि दमट हवेत रीडिंग बदलतं. आत वास वाढतोय की कमी होतोय एवढं कळेल, पण आकड्यावर विसंबू नका. माणसांसाठी आठ तासांची मर्यादा २५ पीपीएम मानतात, कोंबड्यांसाठीही तोच आकडा धरतात. डोळे झोंबायला लागले म्हणजे तुम्ही बहुधा तिच्या वर आहात. खाली अंथरलेलं तूस आधी कोरडं करा, निपलमधून पाणी ठिबकतंय का बघा, आणि पडदे पूर्ण बंद न करता वरून फट ठेवा.

हिरवी_फिल्म
@मुक्ता_के, ४-अमिनोथायोफेनॉल लॅबमध्ये आहे, सिलेन मागवावं लागेल. सोन्याचा भाग आज रात्री करते. इथेनॉलमध्ये किती मिलिमोलर घेतलं होतं आणि किती वेळ ठेवलं होतं?

@सह्याद्री_पोल्ट्री, सेमिनारनंतर तुमच्या शेडमध्ये सेन्सर ठेवून बघता येईल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.