साताऱ्यात आरमाराचं दालन: गरज की हौस?

माहुलीकर: बेसिल ग्रीनहिल हे इंग्रज सागरी इतिहासकार 1967 ते 1983 ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाचे संचालक होते. त्याआधी ब्रिटिश राजनैतिक सेवेत. ढाक्याला नेमणूक झाली, तर त्यांनी तिथल्या होड्यांचाही अभ्यास केला. नुसत्या लढाऊ जहाजांत रमणारा माणूस नव्हे, मालवाहू शिडाची जहाजं आणि ती बांधणारे सुतार यांत त्यांचा खरा जीव. असा संचालक नमुना धरून साताऱ्याच्या संग्रहालयात मराठ्यांच्या आरमाराचं दालन का करू नये? 2024 ला वाघनखं आली तेव्हा गर्दी आपण पाहिलीच.

कृष्णाकाठ: विजयदुर्ग, कुलाबा सोडून साताऱ्यात गलबतं? कोयनेत सोडणार का?

माहुलीकर: ग्रिनिच तरी कुठे समुद्रावर आहे, थेम्सकाठीच ना!

कृष्णाकाठ: थेम्सला भरती येते हो, कृष्णेला पूर येतो. आणि दाखवणार काय? फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचा ताफा विजयदुर्गाखाली जळून गेला. राहिली फायबरची प्रतिकृती, तिच्यासोबत सेल्फी.

माहुलीकर: साताऱ्याचा संबंध जहाजांपुरता नाही. तुळाजींचे वडील, आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांनी साताऱ्याच्या छत्रपती शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केलं, साताऱ्यावर चालून येण्याची धास्ती पडली. मग बाळाजी विश्वनाथांनी वाटाघाट करून कान्होजींना शाहूंकडे वळवलं. किनाऱ्यावर कोणाची सत्ता, हे ठरत होतं ते इथल्या गादीशी. हे विजयदुर्गच्या बुरुजावरून कसं दिसणार?

कृष्णाकाठ: मग पुढचंही लिहा. तुळाजींवर इंग्रजांना बरोबर घेऊन गेले ते नानासाहेब पेशवे. आपलंच आरमार बुडवायला आपणच हात दिला, हा फलक लावायची छाती आहे कोणाची? दुसऱ्या दिवशी मोर्चा.

आजोळ_मालवण: तुम्ही दोघं राजांत आणि पेशव्यांतच अडकलात. ग्रीनहिलकडून घ्यायचं ते वेगळंच आहे: नकाशा न काढता नजरेच्या अंदाजाने फळी बसवणारे सुतार कोकणात अजून आहेत, पण ते म्हातारे होत चाललेत. त्यांचं काम आधी चित्रित करा, दालन साताऱ्यात होवो नाहीतर सांगलीत.

कृष्णाकाठ: हे पटलं. पण करणार कोण? ग्रीनहिल सोळा वर्षं एका खुर्चीत टिकले. आपल्याकडे साहेबांना वस्तूंची यादी पाठ होईतो बदलीचा कागद येतो.

माहुलीकर: म्हणून तर मागणी दालनाबरोबर माणसाचीही करतोय. आणि तो नानासाहेबांचा फलक मी लिहून देतो, मोर्चा आला तर बघू.