घोडा झाडावर आपटला, चूक कोणाची?

खोगीरभरती (धागाकर्ता)

काल रात्री पावणेबाराला माझी घोडी गेली.

रेड डेड रिडेम्प्शन २ मधली, पांढरी अरबी. ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना माहीत असेल, ही इझाबेला तळ्याच्या काठी बर्फात एकटीच हिंडत असते. दबकत जवळ जायचं, बिचकली की थांबायचं, लांबूनच चुचकारायचं, आणि पाठीवर बसलं की ती उधळते तेव्हा मांड टिकवायची. माझ्या हातून पाच वेळा निसटली होती. त्यानंतर महिनाभर खरारा केला, गाजरं चारली, दोघांचं नातं चौथ्या पातळीवर नेलं. काल बिग व्हॅलीच्या जंगलात लांडगे मागे लागले म्हणून भरधाव सोडली आणि ती थेट पाइनच्या बुंध्यावर. आर्थर (गेमचा नायक) एकीकडे, घोडी दुसरीकडे. तिला उठवायचं औषध झोळीत नव्हतं. शेवटी गोळी घातली, खोगीर काढून खांद्यावर टाकलं आणि पायी निघालो.

बायकोने विचारलं, तोंड असं का पाडलंयस? काय सांगणार!

तर मुद्दा. मला हे आवडलं. वाईट वाटलं, पण गेमने माझ्याकडून नेमकं हेच वसूल करायला हवं होतं. गेममधला घोडा म्हणजे दावणीला बांधलेलं जनावर हवं. भूक लागणारं, दमणारं, घाबरणारं आणि आपल्या चुकीने मरणारं. पळवायचा तर बटण तालात दाबत राहायचं, दम किती उरलाय ते बघायचं, साप दिसला की थोपटायचं. याच्या उलट एल्डन रिंग या गेममधला घोडा, टॉरेंट. शिटी वाजवली की हवेतून हजर, हवेतल्या हवेत दुसरी उडी, मेला तर औषधाचा एक घोट मोजून परत जिवंत. ती शिंगं लावलेली स्कूटर आहे. स्कायरिममधले घोडे तर उभ्या कड्यावर पाली चढतात तसे चढायचे.

माझं म्हणणं एवढंच की घोडा चालवायला जितका कठीण तितका खरा. बोला.

बोटदुखी

असहमत. घोडीबद्दल वाईट वाटलं, पण असहमत.

मी सकाळी नऊला घर सोडतो, रात्री नऊला येतो. त्यानंतर मिळालेल्या दीड तासात अंगठ्याने एकच बटण टक टक टक टक दाबत एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं, याला तुम्ही वास्तव म्हणता? मी याला टायपिंगची परीक्षा म्हणतो.

आणि ते झाड! याच गेममध्ये थंडी पडली की घोड्याचे वृषण आकसतात. २०१८ मध्ये यावर केवढी चर्चा झाली होती. इतकं बारीक काम केलं त्या लोकांनी, आणि त्याच घोड्याला समोरचं साठ फुटी झाड दिसत नाही? अरे, आंधळा आहे का तो?

टॉरेंटला नावं ठेवू नका. त्या गेममध्ये जग बघायचंय, लढायचंय, कड्यावरून उडी टाकायचीय. घोड्याने मधे येऊ नये हीच तिथली गरज. कोणी सांगितलं की गेममध्ये घोडा असला म्हणजे पागाही सांभाळली पाहिजे?

जुना जॉयस्टिक

दोघांनाही एक जुनी गोष्ट सांगतो. शॅडो ऑफ द कोलोसस, २००५, प्लेस्टेशन २. फुमितो उएदाच्या चमूचा गेम. घोडीचं नाव आग्रो.

पहिल्या तासाला मी कंट्रोलर आपटला होता. वळव म्हटलं तर लगेच वळत नाही, पळ म्हटलं तर एक टाच पुरत नाही. वाटलं कंट्रोलरच गंडलाय. मग लक्षात आलं की मी घोडी चालवतच नाहीये. मी त्या पोराला चालवतोय आणि तो पोरगा घोडीला सांगतोय. सांगणं आणि ऐकणं यांच्यामध्ये जो क्षण जातो, तो मुद्दाम ठेवलेला आहे.

दहावा राक्षस वाळूखालून पोहत मागे लागतो. एवढा मोठा की पळताना पाठीमागे सगळी वाळू उसळते. त्याला मारायचा एकच मार्ग: घोडी भरधाव सोडायची, मागे वळून बघायचं आणि त्याचे डोळे वाळूवर आले की बाण मारायचा. म्हणजे पुढे काय आहे ते तुम्हाला दिसतच नाही! पहिल्या तीन वेळा मी सारखा पुढे बघत होतो, घोडीला वळवायला जात होतो आणि मार खात होतो. चौथ्या वेळी कंट्रोलरच्या स्टिकवरचा (दिशा देणाऱ्या दांडीवरचा) अंगठा काढला. आग्रो आपोआप भिंत टाळत पळत राहिली. मी बाण मारला.

वीस वर्षं होत आली, तो अंगठा काढल्याचा क्षण अजून आठवतो. धागाकर्ते, तुमच्या गेममध्ये अंगठा काढला की काय होतं?

खोगीरभरती

जुना जॉयस्टिक, दंडवत. पण हे माझ्याच बाजूचं झालं ना? घोडी लगेच ऐकत नाही, म्हणजे कठीण.

जुना जॉयस्टिक

नाही हो. ती ऐकत नाही कारण तिला दिसतं. तुमची ऐकते आणि मरते.

रिकिबीतला पाय

एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आज राहवलं नाही. मी सात वर्षं घोड्यावर बसते. स्पर्धा वगैरे नाही, दर रविवारी पहाटे, हौस म्हणून. गेम खेळते ते नवऱ्याच्या नादाने.

तुम्ही दोघंही एकच गोष्ट गृहीत धरून भांडताय: खरा घोडा चालवायला सतत काहीतरी करत राहावं लागतं. उलट आहे. पहिल्या महिन्यात मी लगाम धरून लोंबकळायचे, टाचा मारत राहायचे. सर एक दिवस ओरडले, "अगं, तोंड आहे ते त्याचं, ब्रेक नाही!" नीट शिकवलेला घोडा एकदा कँटरमध्ये (मध्यम दौडीत) गेला की तुम्ही दुसरं काही सांगेपर्यंत कँटरमध्येच राहतो. तुमचं काम एवढंच की कंबर त्याच्या तालात सैल ठेवायची आणि आड यायचं नाही. दर पावलाला टाच मारत बसलात तर घोडा टाचेला बधिर होतो, मग त्याला काही सांगायची सोयच उरत नाही. त्यामुळे ते बटण टकटकवणं मला वास्तव वगैरे वाटत नाही. मला ते शिकाऊ स्वारासारखं वाटतं.

आता झाड. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा, एवढंच काय ते सुटतं. झाड त्याला तुमच्याआधी दिसलेलं असतं. तो आपटत नाही, आयत्या वेळी बगल देतो आणि तुम्ही सरळ पुढे जाता! मी गेलेय. डावा खांदा अजून पावसाळ्यात बोलतो. म्हणजे गेममध्ये आर्थर उडाला हे बरोबर आहे, पण घोडी शेजारी उभी राहून गवत खात असायला हवी होती.

आणखी एक. आमच्याकडे एक बादल नावाचा म्हातारा घोडा आहे. पागेकडे पाठ असली की त्याची चाल बघवत नाही, जणू पेन्शनच्या रांगेत निघालाय. परतीला वळवला आणि चंदीची वेळ झालेली असली की तोच बादल दुडक्या चालीने निघतो, आवरावा लागतो. मी खेळलेल्या एकाही गेममध्ये घोड्याला घरची ओढ नाही.

बोटदुखी

+१ +१ +१. धागा इथेच बंद करा, मी जिंकलो.

रिकिबीतला पाय

थांबा, तुम्हीही नाही जिंकलात. टॉरेंटला कशाचीच भीती नाही. ड्रॅगनच्या तोंडासमोर उभा करा, कान सुद्धा हलवत नाही. घोड्याचा स्वभाव म्हणजे नव्वद टक्के भीती. ती काढली की उरतं ते वाहनच, त्या बाबतीत धागाकर्त्यांशी सहमत. विचर ३ या गेममध्ये निदान लढाईत नायक गेराल्टच्या घोडीची, रोचची, भीती वाढत जाते आणि जास्त झाली की ती त्याला पाडते. मला ते फार पटलं होतं.

कोरडा कोडर

रोचचं नाव निघालं म्हणून लिहितो. हीच रोच गेममधल्या बगमुळे छपरावर उगवायची, हे विसरू नका. तिच्यावरचे विनोद अजून फिरतात.

मी गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करतो (घोडे नाहीत आमच्याकडे, गाड्या आहेत), तेव्हा ही बाजू ऐका. खेळणाऱ्याने स्टिक डावीकडे रेटली आणि पात्र डावीकडे गेलं नाही, तर दहातले नऊ जण "आहा, जनावराला स्वतःचं मन आहे" असं म्हणत नाहीत. ते "कंट्रोल बकवास आहेत" असं लिहितात आणि एक तारा देतात. आग्रोबद्दलही तेच झालं होतं; जुना जॉयस्टिक यांनी स्वतःच कबूल केलंय की आधी कंट्रोलर आपटला.

खरी अडचण अशी: घोड्याला झाड चुकवायला सांगणं सोपं आहे. कोणतं झाड तुम्हाला चुकवायचं होतं आणि कोणत्या झाडाला खेटून जायचं होतं, हे ओळखणं कठीण. दोन झाडांच्या मधून जायचं ठरवून तुम्ही स्टिक रेटता, घोडा शहाणपणा करून बाहेरून जातो, आणि लांडगा तुम्हाला गाठतो. मग तुम्हीच इथे धागा काढाल, "घोडा माझं ऐकत नाही, चूक कोणाची?"

त्यामुळे बहुतेक जण मधला मार्ग काढतात. रस्त्यावर घोडा आपला आपण जातो, रस्ता सोडला की तुमची जबाबदारी. विचरमध्ये रस्त्यावर पळवलं तर दम खर्च होत नाही. ब्रेथ ऑफ द वाइल्ड या गेममध्येही रस्त्याला लागलेला घोडा स्टिक न धरता वळणं घेतो. नवा पकडलेला घोडा मात्र भलतीकडे जायला बघतो, थोपटून वळणावर आणावा लागतो. माझ्या मते आजवरचा सगळ्यात शहाणा तोडगा हाच. ओळख नसलेला घोडा ऐकत नाही, ओळखीचा ऐकतो. हे खेळणाऱ्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

रेड डेडमध्येही नकाशावर ठिकाण ठरवून कॅमेरा सिनेमासारखा केला की घोडा स्वतःच वाट धरतो. बोटदुखी, तुमच्या अंगठ्याला तेवढाच आराम.

बारगीर

माउंट अँड ब्लेड कोणी काढत नाही म्हणून मीच काढतो. तुर्कस्तानातल्या टेलवर्ल्ड्स कंपनीचा गेम, पहिला २००८ चा. दिसायला दरिद्री. पण त्यात की-बोर्डने घोडा आणि माउसने हत्यार. दोन हात, दोन कामं! घोड्याला वेग घ्यायला वेळ लागतो, वळायला जागा लागते, आणि भाल्याचा घाव वेगावर ठरतो. धनुष्य घेतलंत तर उजवीकडे मागच्या अंगाला नेम धरताच येत नाही, कारण धनुष्य डाव्या हातात. म्हणून शत्रूला डाव्या अंगाला ठेवून फेर धरावा लागतो. हे कोणी शिकवत नाही, चार वेळा मेलं की आपोआप कळतं. खरारा नाही, गाजरं नाही, तरी घोडेस्वारी म्हणजे काय ते तिथेच कळलं.

अवांतर: शिवकाळात घोडदळात दोन प्रकार. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. इथलं अर्धं भांडण तेच आहे. धागाकर्ते शिलेदार, घोडी मेली तर घर बुडालं. बोटदुखी बारगीर, सरकार दुसरा देईल. (माझा आयडी बघून कोणाची बाजू ते ठरवा. हलके घ्या.)

बोटदुखी

बारगीर, हे आवडलं. सरकारी घोडा मान्य आहे मला. फक्त सरकारने शिंगं का लावलीत ते विचारू नका.

खोगीरभरती

सगळ्यांचं वाचलं. रिकिबीतला पाय यांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

टकटकीबद्दल माघार. खरा घोडा चाल धरून ठेवतो हे मला माहीतच नव्हतं. माझा घोड्याचा अनुभव म्हणजे सातवीत माथेरानला, पुढे घोडेवाला लगाम धरून चालतोय आणि मी खोगिराची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरलीय. आता आठवतंय, त्या घोड्याला प्रत्येक वळण पाठ होतं. दस्तुरी नाका जवळ आला तसा तो पाय उचलायला लागला होता. मला वाटलं होतं मीच नीट चालवतोय.

मरणाबद्दल मात्र माघार नाही. कोरडा कोडर म्हणतात तसा घोडा झाड चुकवणारा असता तर घोडी वाचली असती, मान्य. पण मग ती कशाने तरी मरायला हवीच. लांडग्याने मरो, थकून मरो, कड्यावरून घसरून मरो. औषध झोळीत ठेवायला मी विसरलो, ते घोडीने विसरायला नको.

रिकिबीतला पाय

कड्यावरून नको. कड्याशी ती थांबते आणि पुन्हा तुम्हीच जाता.

जुना जॉयस्टिक

धागाकर्ते, दुसरी घोडी घेतली का?

खोगीरभरती

घेतली. तबेल्यातून, विकत. तपकिरी आहे. अजून नाव ठेवलेलं नाही.