मदत हवी आहे: आईचं व्हिटॅमिन डी ९, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) ११८. आधी डीचे सॅशे की थेट पॅराथायरॉइडचा स्कॅन?

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. आई ५६ वर्षांची, सगळी हयात केळीच्या बागेत गेली. गर्भपिशवीच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि हेपॅटायटिस सी निघाला. १९९४ साली माझ्या बहिणीच्या जन्माच्या वेळी तिला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या, बहुतेक तिथूनच आला. सरकारी योजनेतून त्यावरचं औषध सोफोसबुवीर-वेल्पाटासवीर फुकट मिळतंय, १२ आठवड्यांपैकी पाचवा चालू आहे. फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) ९.८, सिरॉसिस नाही म्हणाले.

पण तिची हाडं दुखतात. उठताना दोन्ही हात जमिनीला टेकवते. नडगीवर अंगठा दाबला तरी कळवळते. ‘हाडं दुखतस रे’ एवढंच म्हणते आणि परत कामाला लागते. म्हणून तपासण्या केल्या: पीटीएच ११८ (लॅबची वरची मर्यादा ६५), कॅल्शियम ८.७ (नॉर्मल), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ०.८, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं आणि यकृतातलं एन्झाइम) वाढलेलं.

मे महिन्यात ४५ अंश तापणाऱ्या खान्देशात डी कमी कसं, हेच मला उमजेना. मग तिला बागेत जाताना नीट पाहिलं. चिकाचे डाग निघत नाहीत म्हणून लुगड्यावर जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला फडकं, वर केळीच्या पानांची गच्च सावली. ऊन अंगाला लागतंच कुठे?

मला समजलं ते असं. त्वचेत बनलेल्या डीवर पहिली प्रक्रिया यकृतात होते, दुसरी मूत्रपिंडात. डी कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. मग गळ्यातल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच वाढवून ते हाडांतून ओढतात. ग्रंथीतच गाठ असती तर कॅल्शियम बहुधा वर गेलं असतं.

एका डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिलाय. दुसरे म्हणतात, आधी ६०,००० युनिटचा सॅशे दर आठवड्याला, आठ आठवडे, मग पीटीएच पुन्हा बघू. मला दुसरं पटतं, पण यकृतच दुखावलंय तर साधा सॅशे लागू पडेल का, ही धास्ती आहे.

अजून एक. वेल्पाटासवीरपासून अँटासिड चार तास लांब ठेवायला सांगितलंय. कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीलाही तेच लागू आहे का? सध्या ती गोळी मी थांबवून ठेवली आहे. कुणाच्या घरी हेपॅटायटिस सीच्या उपचारात पीटीएच असं वाढलं होतं का, आणि डी भरल्यावर किती दिवसांत उतरलं? सोमवारी पुन्हा दवाखान्यात जायचंय, त्याआधी कळलं तर डॉक्टरांना नीट विचारता येईल.