परदेशी सरकारी पैसा मराठी मातीतल्या सिनेमाला हवा की नको?

ढोकाळीकर
मंडळी, 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट' काल परत पाहिला. मुंबईतल्या नर्सेस, मग रत्नागिरी, छाया कदम. आणि निर्मितीत पैसा फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्गचाही. 2024 ला फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाल्यावर पेढे आपण वाटले! आपलं राज्य मराठी चित्रपटाला अनुदान देतं, पण सिनेमा पुरा झाल्यावर, समितीने दर्जा ठरवल्यावर. तोवर निर्मात्याने बायकोचे दागिने गहाण टाकायचे. फ्रान्सचा निधी शूटिंगच्या आधी, पटकथा वाचूनही मिळतो. केंद्राचे सहनिर्मिती करार फ्रान्स, जर्मनी, कॅनडाशी झालेलेच आहेत. कराराखालचा सिनेमा दोन्ही देशांत घरचा धरतात. मग राज्याने पटकथेलाच थोडे पैसे द्यायला काय हरकत आहे?

वाघबीळ_नाका
असहमत. फ्रान्स काही धर्मादाय करत नाही, त्या निधीतला ठरावीक वाटा तिकडेच खर्चावा लागतो. आणि हा सिनेमा भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटतो, असं ऑस्करला भारताचा सिनेमा निवडणाऱ्या ज्युरीचं मत, ती निवड करणाऱ्या फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनीच सांगितलं होतं. पटकथेवर पैसे म्हणजे समितीवरच्या ओळखीपाळखीवर पैसे. नको रे बाबा.

ढोकाळीकर
ऑस्करला न पाठवायचं निमित्त होतं ते. रत्नागिरीचा समुद्र युरोपात कधी गेला?

सानपाडा७०५
फ्रान्समध्ये हा पैसा मुख्यतः खजिन्यातून येत नाही, हे लक्षात घ्या. तिथे प्रत्येक तिकिटातले 10.72 टक्के सिनेमाच्या निधीत जातात, हॉलिवूडच्या तिकिटातलेसुद्धा. त्यांच्याच गल्ल्यातून स्वतःचा सिनेमा उभा करतात. इथे शंभरावरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी भरतो आपण, त्यातलं सिनेमासाठी वेगळं काही निघत नाही. आणि वाशीत मराठी सिनेमाला शो मिळतो सकाळी 10:20 चा. आधी संध्याकाळचा पडदा द्या, मग कान.

लाइटवाला_कळवा
मी घोडबंदरच्या सेटवर असतो. सिरीयलची 12 तासांची शिफ्ट, पैसे 90 दिवसांनी, तेही मागे लागलो तर. जेवण जनरेटर व्हॅनच्या बाजूला, त्या घरघराटात. एकदा येऊरला चार दिवस परदेशी युनिटवर होतो. दहा तास झाले की एक पोरगी घड्याळ बघून कागदावर ओव्हरटाइम लिहायची, सही घ्यायची. पैसे त्याच शुक्रवारी. तेव्हा युनिट येऊ देत, माझी ना नाही. पण केंद्र परदेशी निर्मात्याला खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत परत देतं, कमाल 30 कोटी. त्यात माणसांची मजुरी वेळेवर दिल्याचा कागद मागतात का, एवढं कुणी सांगा.

वाघबीळ_नाका
हा मुद्दा मान्य. पटकथेचं मात्र अजूनही नाही.

ढोकाळीकर
दादा, ती अट राज्याच्या अनुदानालाही घातली तर? 90 दिवसांची थकबाकी असेल तर हप्ता नाही.

लाइटवाला_कळवा
घाला की. निर्माते अनुदानच घेणार नाहीत 😄 उद्या सातचा कॉलटाइम आहे, झोपतो.