जेवणानंतर आईबरोबर बघायला संपलेली मराठी मालिका सुचवा

रिमोटवाली

गेल्या मंगळवारी आईचा उजवा गुडघा बदलला. आता दीड महिना ती आमच्याकडे, ठाण्याला. दिवस जातो कसाबसा. फिजिओथेरपीवाला येतो, वॉकर घेऊन हॉलमधल्या हॉलमध्ये फेऱ्या होतात, बर्फाची पिशवी, गोळ्या, पेपरातलं कोडं. खरा प्रश्न रात्री साडेआठनंतरचा.

तिच्या चालू मालिका सात ते साडेआठ असतात आणि त्या मला सोसत नाहीत. काल एका बाईने दुसरीला जिन्यावरून ढकलायला हात पुढे केला. तो हात तीन वेळा तीन बाजूंनी दाखवला, ढोल वाजले आणि जाहिराती लागल्या. आई शांतपणे म्हणाली, "आता ही सोमवारपर्यंत अशीच उभी राहणार." म्हणजे तिलाही कळतं. पण सवय.

तर साडेआठनंतर आई, मी आणि लेक (नववी, इंग्रजी माध्यम, मराठी समजतं पण 'माजघर' म्हणजे काय विचारते) अशा तिघींना एकत्र बघता येईल असं काहीतरी हवंय. मुख्य अट म्हणजे मालिका संपलेली हवी. खिरीत विष, स्मृतिभ्रंश आणि परदेशातून आलेली जुळी बहीण नको. आईला रडारड चालते, मला नाही. लेकीला प्रेमप्रकरणं चालतात, आईला ती नातीसमोर चालत नाहीत. आता सुचवा.

चकलीचोर

'श्रीयुत गंगाधर टिपरे'. धागा इथेच बंद करायला हरकत नाही.

रिमोटवाली

चकलीचोर, ती मी कॉलेजात असताना तुटक तुटक पाहिली आहे. आज बघताना जुनाट वाटेल का?

चकलीचोर

घरातला फोन जुना वाटेल, माणसं नाही. अल्फा मराठीचं झी मराठी व्हायच्या आधीची गोष्ट. दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वर बेतलेली, केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली. घरात पाच माणसं: आबा (म्हणजे प्रभावळकर), शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या. वाईट कोणीच नाही. रुसवे आहेत, गैरसमज आहेत, शिऱ्याची थापेबाजी आहे, आणि हे सगळं त्याच भागात मिटतं. उद्यासाठी टांगून ठेवलेलं काही नसतं, त्यामुळे आईला झोप आली तर बंद करा, बिघडत नाही.

मला सगळ्यात आवडते ती शुभांगी गोखलेंची श्यामला. सासऱ्यांशी वाद घालताना तिचा आवाज चढत नाही, फक्त हातातली भांडी जरा जोरात ठेवली जातात. आमच्या घरी अजूनही तसंच असतं.

आणि मालिका सुरू झाली तेव्हा प्रभावळकर साठीचेही नव्हते हो. मान, चष्मा, खुर्चीतून उठताना गुडघ्यावर टेकलेला तळहात, सगळा म्हातारा त्यांनी अंगावर चढवलेला आहे. तुमच्या आईला आता तो तळहात बरोबर दिसेल. लेकीला सांगा, हेच ते मुन्नाभाईचे बापू.

नाशिकचा_चिवडा

टिपरे चांगलीच आहे, पण ती तोंडी लावणं झालं. पोटभर जेवायचं तर 'अग्निहोत्र'. स्टार प्रवाह नवीन निघालं तेव्हाची, २००८ची. दिग्दर्शन सतीश राजवाडे. अग्निहोत्री कुटुंब पांगलेलं, भाऊ एकमेकांची तोंडं बघत नाहीत, नाशिकचा वाडा ओस पडत चाललाय आणि घराण्याच्या आठ गणपतींचं काहीतरी गूढ. तरुण पोरगा नील (सिद्धार्थ चांदेकर, तेव्हा अगदीच कोवळा) एकेका घरात शिरत जातो आणि त्याच्याबरोबर आपल्याला ते कुटुंब कळत जातं.

विक्रम गोखले, विनय आपटे, मोहन जोशी, मोहन आगाशे, शरद पोंक्षे, शुभांगी गोखले, इला भाटे, मुक्ता बर्वे. ही सगळी माणसं एका मालिकेत. आपटे २०१३ला गेले, गोखले २०२२ला. आता कोणी ठरवलं तरी हा संच जमायचा नाही. दोन म्हातारे भाऊ समोरासमोर बसलेत, बोलत काहीच नाहीत आणि तरी तुम्हाला चहा आणायला उठवत नाही, हे मी दुसऱ्या मालिकेत पाहिलेलं नाही.

२०१९च्या शेवटी दुसरा भाग आला होता. त्याच्या वाटेला जाऊ नका.

सोलकढी_दोनवाटी

गाववाल्यांनू, 'रात्रीस खेळ चाले' कोणीच कसा लिवला नाय? तुमका सांगतंय, आधी दुसरो भाग बघा, पयलो मागसून. पयल्या भागात अण्णा नाईक सुरवातीकच मरता आणि मगे सगळो गोंधळ. दुसरो भाग २०१९चो, त्यात अण्णा जिवंत असतानाची गजाल आसा. माधव अभ्यंकर म्हणजे काय माणूस! नुसतो झोपाळ्यार बसलो तरी घरातल्यांची दातखीळ बसता.

रिमोटवालीबाय, आवशीचा म्हायेर खयचा?

रिमोटवाली

वेंगुर्ला. पण अण्णा आणि शेवंताचं प्रकरण नातीसमोर? आई मला वॉकर फेकून मारेल.

सोलकढी_दोनवाटी

वेंगुर्ला!! मगे इचारतास कित्याक?

(प्रमाण मराठीत: सुरुवातीला, २०१६ला, आमच्या सिंधुदुर्गात या मालिकेला विरोध झाला होता, कोकणाची बदनामी म्हणून. नंतर मालिकेत दिसणारा आकेरीचा वाडा बघायला गाड्या भरभरून लोक यायला लागले आणि बदनामी कोणाला आठवली नाही. भुताखेताचं सोडा, घरातल्या माईसाठी बघा. शकुंतला नरे चुलीपुढे बसून जे काही बोलतात ते माझ्या आजीचं बोलणं आहे, शब्दाला शब्द.)

असंभवप्रेमी

भीतीच हवी असेल तर 'असंभव'. २००७. पुनर्जन्म, शास्त्र्यांचा वाडा आणि नीलम शिर्केची सुलेखा. मी तेव्हा सातवीत होतो. मालिका संपली की बाथरूमला जायचं असेल तर आजीला उठवायचो. एक इशारा: नायिका शुभ्रा मध्येच बदलते, मानसी साळवीच्या जागी उर्मिला कानिटकर येते. लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो पण पुनर्जन्मच वाटेल.

थेट_बोलतो

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. जुनं ते सोनं वगैरे ठीक आहे, पण पेशंटला आठ गणपतींची आणि मागच्या जन्मांची यादी पाठ करायला लावू नका. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' लावा. मागचं पुढचं काही लक्षात ठेवायला नको. समीर चौघुले आणि नम्रता संभेराव समोरासमोर असलेलं कुठलंही प्रहसन घ्या. नम्रताची लॉली तर मी महिन्यातून एकदा औषधासारखी बघतो.

चालू मालिकांना नावं ठेवताना हेही बघा की हे लोक २०१८पासून दर आठवड्याला नवं लिहितायत. ते येरागबाळ्याचं काम नाही.

चकलीचोर

मान्य. फक्त परीक्षकांचं हसणं कापलं तर भाग निम्मा होईल. आणि ऑपरेशन ताजं आहे, टाके जपून.

थेट_बोलतो

गुडघ्याचे टाके हसून तुटत नाहीत हो.

वऱ्हाडी_ठेचा

'माझ्या नवऱ्याची बायको' सुचवनार होतो, आमची राधिका वैनी हाय त्यात. पन ते संपता संपत नव्हती. चार वर्सं गुरुनाथनं तेच तेच केलं अन् आमी तेच तेच पाहिलं. राहू द्या.

पन्हं

संपता संपत नसल्याचा विषय निघालाच आहे तर 'होणार सून मी ह्या घरची'. पहिले सहा महिने मी कामं टाकून बघत होते. श्री, जान्हवी आणि त्या घरातल्या सहा बायका, काय गोड होतं सगळं! मग जान्हवीला दिवस गेले. त्याच सुमारास माझ्या वहिनीलाही गेले. आमचं बाळ झालं, बारसं झालं, रांगायला लागलं, जान्हवी अजून तिथेच. म्हणून रिमोटवालींची संपलेल्या मालिकेची अट मला पटली, पण नुसती संपलेली नको, वेळेवर संपलेली हवी.

डेट्रॉईटची_मावशी

पन्हं, अगदी! म्हणूनच माझं मत 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'. २०१२ची, वर्षभरही चालली नाही. घनाला अमेरिकेला जायचंय, राधाला लग्न नकोय, म्हणून दोघं ठरवून खोटं लग्न करतात. आम्ही तेव्हा इथे नुकतेच आलो होतो. बर्फात गाडी रुतलेली आणि घरात तो घना अमेरिकेसाठी जीव टाकतोय. नवरा स्क्रीनकडे बघून म्हणायचा, "ये, ये, फावडं तयार आहे." मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी आहेतच, पण जीव आहे तो त्या मोठ्या काळे कुटुंबात. प्रेम आहे, पण नातीसमोर बघता येईल इतपतच.

लेकीसाठी 'दिल दोस्ती दुनियादारी'. २०१५ला आली, वर्षाच्या आत संपली. सहा मुलंमुली मुंबईत एका घरात राहतात आणि त्यांच्या घराचं नाव आहे माजघर! तुमच्या लेकीचा प्रश्न परस्पर सुटला.

नाशिकचा_चिवडा

पण आजीला त्यात काय मिळणार?

डेट्रॉईटची_मावशी

माझ्या सासूबाईंना त्यातल्या आशुला जेवायला वाढावंसं वाटायचं. एवढं पुरे की.

भ्रमणध्वनी

मालिकाच का? 'आणि काय हवं' बघा. वेबवरची, तीन छोटे सीझन. उमेश कामत आणि प्रिया बापट, खऱ्यातही नवरा-बायको. पहिलं घर, पहिली गाडी असल्या साध्या गोष्टी. एकेक भाग वरणभाताच्या कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत संपतो. 'मानवत मर्डर्स' पण फार चांगली आहे, पण ती आईसमोर आणि जेवणानंतर अजिबात नको. नरबळीचा विषय आहे, एकट्याने बघा.

थेट_बोलतो

कोणीतरी आता 'चिमणराव' आणि 'गोट्या' काढणार.

चकलीचोर

काढणारच होतो. यूट्यूबवर तुकडे मिळतात, चित्र पावसातल्यासारखं. बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ दाराआडून नुसता डोकावला तरी माझे वडील टाळी द्यायचे. पण तुकड्यातुकड्यांनी महिना निघायचा नाही.

रिमोटवाली

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, सगळ्यांचे आभार. वृत्तांत देते.

टिपरेपासून सुरुवात केली. पहिल्या रात्री आई मटार सोलत बसली होती. आबांनी काहीतरी शेरा मारला आणि ती इतकी हसली की मांडीवरचं ताट कलंडलं. सोफ्याखाली अजून मटार सापडतायत. चौथ्या दिवशी लेकीने विचारलं, "आजी, ह्यात व्हिलन कधी येणार?" आई म्हणाली, "तेव्हा घरोघरी व्हिलन नसायचे गं. सासरे असायचे."

मग 'अग्निहोत्र'. चिवडासाहेब, तुम्हाला साष्टांग. आईने वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढली, कोण कोणाचा कोण. आठही गणपतींना आकडे दिले. ती वही फिजिओथेरपीच्या व्यायामांची होती. आता गुडघा किती अंशांपर्यंत वाकला त्याच्याच खाली 'मोठा भाऊ रागावला, घर सोडलं' असं लिहिलेलं आहे. फिजिओथेरपीच्या मुलाने परवा ते वाचलं आणि गंभीरपणे विचारलं, "काकू, घरी काही टेन्शन आहे का?"

आता खरी गंमत. मी ऑफिसातून आठवड्यातून तीन दिवस उशिरा येते. गेल्या बुधवारी लेकीला डबा का धुतला नाहीस विचारलं, तर म्हणते, "इसरलंय."

सोलकढी, तुमच्या लक्षात आलंच असेल. दोघी रोज दुपारी, लेक शाळेतून आली की, पडदे ओढून अण्णा नाईक बघतायत. शेवंतासकट. जिला वॉकर फेकून मारायचा होता तीच रिमोट हातात घेऊन बसते आणि म्हणे नको तिथे नातीला पाणी आणायला स्वयंपाकघरात पाठवते. लेक म्हणाली, "मी दिवसाला सात-आठ ग्लास आणते."

आणि एक सांगायचं राहिलं. आईचं लग्न झालं एकोणिसाव्या वर्षी, सासर पुण्याचं. घरात मालवणी बोललेलं आजीला, म्हणजे तिच्या सासूबाईंना, चालायचं नाही. मी तिच्या तोंडून कधी एक वाक्य ऐकलं नव्हतं. परवा दुपारी लवकर घरी आले तर ती टीव्हीतल्या एका पात्राला सुधारत होती, "असा नाय म्हणणत आमच्याकडे," आणि लेक तिच्यामागून तेच वाक्य म्हणत होती. मी चपला हातात घेऊन दारातच उभी राहिले. रात्री तिने वेंगुर्ल्याला मामाला फोन लावला. पाऊण तास. मला त्यातलं निम्मं कळलं नाही.

सोलकढी_दोनवाटी

बायनू, डोळ्यात पाणी इला माज्या. मामाक पण सांगा बघूक.

रिमोटवाली

मामा म्हणाले, "माका काय सांगतस? माझा दोनदा बघून झाला."

आता मुद्द्याचं. वॉकर सुटला, काठीवर आलीये, शुक्रवारी ती पुण्याला घरी जाते. 'अग्निहोत्र' बरीच राहिली आहे आणि अण्णा नाईक तर त्याहून. तिचा टीव्ही जुना आहे, केबलवाला. त्याला मागून ती काडी लावली की ही सगळी ॲप चालतात ना? तिला एका बटणात जमेल अशी कोणती? वेगळा धागा काढू का?

भ्रमणध्वनी

काढा. पण आधी टीव्हीच्या मागे एचडीएमआयचं भोक आहे का ते बघायला सांगा, आणि घरी वायफाय आहे का तेही लिहा. आणि रिमोट मोठ्या बटणांचा घ्या.

चकलीचोर

आणि पाणी आणायला कोण आहे तिकडे?