भरिताच्या आचाऱ्यावरचा माहितीपट: सुरुवातीची नामावली अ‍ॅनिमेशनमध्ये कशी करावी?

तापीकाठ

यावल तालुक्यातल्या एका आचाऱ्यावर आम्ही २६ मिनिटांचा माहितीपट करतोय. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. थंडी पडली की शेताशेतात भरीत पार्ट्या सुरू होतात, आणि पाच-सातशे माणसांचा घाट असला की आबांनाच बोलावणं जातं. चित्रीकरण आटोपलं, संकलन निम्म्यावर आलंय. अडलंय ते नामावलीपाशी. ती अ‍ॅनिमेशनमध्येच हवी असा माझा हट्ट आहे, कारण आबांच्या तरुणपणाचा, जळगावच्या खानावळीत काढलेल्या वर्षांचा एकही फोटो नाही.

ओळखीच्या एका मुलाने नमुना करून दिला. जांभळी वांगी हवेत गिरक्या घेतात, मिरच्या उडतात, मग सुरी येऊन सगळ्याचे तुकडे करते आणि तुकड्यांतून नाव जुळतं. काम सफाईदार आहे, पोराने मेहनत घेतलीये. आबांना मोबाइलवर दाखवलं. ते म्हणाले, "भरिताला सुरी कशाला?"

पैसे जेमतेम, हातात दीड महिना. नामावली ४५ सेकंदांची धरलीये. काय करावं?

रावेरचा जावई

आबा बरोबर बोलले. आणि वांगी जांभळी का? भरिताचं वांगं फिकट हिरवं असतं, अंगावर पांढरट रेघा, आकाराने चांगलं ढब्बू. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते काय जांभळ्याला? वांग्यांसाठी प्रसिद्ध बामणोदच्या माणसाने तुमची ही नामावली बघितली तर पुढचा सिनेमा बघणारच नाही.

खडूफळा

आबांनी एका वाक्यात तुमचं निम्मं काम करून दिलंय, तापीकाठ. सुरी काढा, गिरक्याही काढा. स्वयंपाकावरच्या नामावल्यांत हल्ली पदार्थ नाचतो आणि रांधणारा गायब असतो. तुमच्या मुलाचा नमुना उद्या पिझ्झावरच्या माहितीपटाला लावला तरी खपेल.

तुमच्याकडे काय आहे ते बघा: कपाशीच्या काड्यांचा जाळ, करपलेली साल, बडगीत (लाकडी उखळीत) ठेचणारा हात. एवढ्यावर भागतं.

माझं मत विचाराल तर कोळशाने करा. जोहान्सबर्गचा चित्रकार विल्यम केंट्रिज १९८९ पासून असं काम करतोय. कागदावर कोळशाने चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, थोडं पुसून थोडं नव्याने काढायचं, पुन्हा फोटो. दर फ्रेमला नवा कागद नाही. पुसल्याचा डाग मागे राहतो आणि तो लपवत नाही. भरिताला यापेक्षा जवळची पद्धत मला सुचत नाही, कारण भरीत म्हणजे आधी जाळायचं आणि मग जळलेलं काढून टाकायचं. अख्खा कागद काळा करा. खोडरबराने वरून खाली एकेक पट्टी काढत जा, साल निघते तशी. आत कागदाचा पांढरा निघेल, त्यावर बोटाने किंचित हिरवा पेस्टल. दुसरा रंग कुठेच नको. नावंसुद्धा काळ्यातून पुसूनच काढायची.

कोळसा विकत आणू नका. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, सरळ काड्या सोलून पत्र्याच्या डब्यात गच्च भरा, झाकणाला खिळ्याने भोक पाडा आणि डबा निखाऱ्यात ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढा. पूर्ण गार होईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर हवा लागून काड्या पेटतील. चित्रकारांचा विलो झाडाचा कोळसा याच रीतीने होतो. जाडीला एकसारखा येणार नाही, पण आबांच्याच चुलीच्या काड्यांनी त्यांचं नाव लिहिलं जाईल, आणि ही गोष्ट पडद्यावर कुठेही सांगू नका.

आता तरुण आबा. चेहरा काढू नका. फोटो नसताना कल्पनेने काढलेला चेहरा माहितीपटात लबाडी वाटते. हात काढा. आजच्या फुटेजमध्ये त्यांचं मनगट आणि मुसळी आहेच, त्यावरून फ्रेमगणिक रेखाटा. अमेरिकी अ‍ॅनिमेटर मॅक्स फ्लायशरने १९१५ साली पेटंटला अर्ज केला होता, तेवढी ही युक्ती जुनी आहे. पहिल्या घावाला हात सडपातळ, शेवटच्या घावाला आजचा, शिरा वर आलेला. खानावळीची वर्षं त्यातच येतात.

रीळवाला

कल्पना झकास, पण खडूफळाताई, हिशेब सांगा की. दीड महिन्यात होईल का हे?

खडूफळा

सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२, म्हणजे ४५ सेकंदांना ५४० चित्रं. एकट्या माणसाने करू नये. कोळशाला तीन फ्रेम चालतात, थोडा धक्का बसतो तो शोभतो. सेकंदाला ८. आणि नामावली ३० सेकंदांवर आणा: २४०. नाव वाचायला थांबतं तेव्हा चित्र स्थिर, तेवढी आणखी वजा.

कॅमेरा वरून, स्टँड जमिनीला चिकटपट्टीने जखडून. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. खिडकीला जाड पडदा, नाहीतर ढग आला की चित्र लुकलुकतं. फिक्सेटिव्ह (कोळसा पक्का करणारा फवारा) मारू नका, पुढे पुसता येणार नाही. आणि गडद शर्ट घाला. पांढऱ्या शर्टाचा उजेड कागदावर पडतो.

रीळवाला

४५ चे ३० केलेत ते बरं झालं, माझ्या मते २० पुरेत. शिवाय नामावली अगदी सुरुवातीला नको. आधी मिनिटभर आबा वांग्यांना टोचे मारताना दाखवा, फुटू नयेत म्हणून कसे मारतात ते. माणूस कोण आहे हे कळलं की मग नाव. अनोळखी माणसाच्या नावावर प्रेक्षक कशाला थांबेल?

शिरोरेषा

अक्षरांबद्दल थोडं. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाकणार असाल आणि आवृत्ती जुनी असेल तर आधी प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न करा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. अक्षर-अक्षर उडवणारे तयार प्रीसेट तर विसराच. ते रोमनसाठी बनलेत, तिथे अक्षरं सुटी असतात. आपल्याकडे अंतर वाढवलं की शिरोरेषेला भगदाडं पडतात.

पण खडूफळाताई म्हणतात तसं हातानेच करणार असाल तर हा त्रासच नाही. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं मिळतील तेवढी बघून घ्या. नक्कल करायला नव्हे, अक्षराला वजन कुठे द्यायचं ते कळायला. रोमन नावं लहान, खाली, साध्या टाइपात ठेवा. दोन्ही लिप्या कोळशात कोरल्यात तर डोळा कुठे ठेवायचा ते कळणार नाही.

तापीकाठ

केवढं दिलंत सगळ्यांनी! रीळवाला, टोच्यांचं दृश्य आहे माझ्याकडे, तेच आधी घेते. नमुना करणाऱ्या मुलालाच कोळसा देऊन बघते, त्याचा हात चांगला आहे. एकच राहिलं: संगीतकाराने बासरी पाठवलीये. ठेवू?

खडूफळा

नको. मुसळीचे घाव हाच ताल. आधी आवाज पक्का करा, घाव कोणत्या फ्रेमला पडतो ते कागदावर मांडा, मग चित्रं. दर घावाला एक नाव. आवाज वेगळा रेकॉर्ड केलाय ना?

तापीकाठ

नाही. आहे त्यात मागे ट्रॅक्टर चालू आहे.

रावेरचा जावई

मग आबांना पुन्हा बसवा, रात्री, मोटारी बंद झाल्यावर. बडगीत भाजलेली वांगी घालूनच ठेचू द्या, रिकामी बडगी नुसती टणटण वाजते. आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या असतील तर मला कळवा, माइक धरायला मी येतो.